रेड्याची लाजकळ

रेडा कुणालाच भीत नसे. उल्कांच्या माऱ्यात तो डोळे मिटून उभा राही, शनीच्या कड्यांतले बर्फाचे धोंडे खांद्यानं बाजूला सारी, आणि आपल्या तिप्पट आकाराचं बिघडलेलं मालवाहू यान दावणीला बांधल्यासारखं ओढत बंदरात आणी. पण लीलाधर ढाके लाजला नाही, तर तो एक गोळीसुद्धा झाडत नसे.

सरकारदरबारी त्याचं नाव ‘महिष वर्गातलं जड लढाऊ यान’ असं होतं. त्या नावानं त्याला कुणी हाक मारल्याचं नव्या भुसावळात ऐकिवात नाही. काळं, रुंद, पुढून खाली झुकलेलं आणि वळायला सांगितलं की आधी थोडा विचार करणारं ते धूड बंदरात आलं त्याच दिवशी हमालांनी त्याचं बारसं उरकलं होतं. रेड्याच्या कपाळावर चार नळ्यांची गोफण होती. विजेच्या जोरावर ती लोखंडी गोळे फेकायची. गोळा लागल्यावर समोरच्या यानाचं काय होतं ते सांगायला सहसा समोरचं यान उरायचं नाही. गोफणीवर पोलादी झडप होती आणि झडपेला कुलूप होतं. त्या कुलुपाला लोक लाजकळ म्हणत.

नवं भुसावळ हे शनीभोवती फिरणारं स्थानक. कुठूनही कुठेही जायचं झालं तर इथे उतरून यान बदलावं लागे आणि बदलायचं यान कधी वेळेवर येत नसे. त्यामुळे ते वसवणाऱ्या खानदेशी मंडळींना दुसरं नाव सुचलंच नव्हतं.

लाजकळीमागे शास्त्र होतं, आणि शास्त्रामागे एक वऱ्हाड होतं. काही वर्षांपूर्वी दोन बाजूंच्या, आपलं आपण चालणाऱ्या लढाऊ यानांनी एकमेकांवर मारा करताना मधून चाललेलं एक वऱ्हाडाचं यान उडवलं. चौकशी झाली. दोन्ही यानांनी तपासाला संपूर्ण सहकार्य केलं. घडलं ते दोघांनीही तपशीलवार सांगितलं, आलेख काढून दाखवले, आणि पुढच्या वेळी हेच अधिक कमी खर्चात कसं करता येईल याच्या सूचनाही दिल्या. ते ऐकून चौकशी समितीच्या अध्यक्षबाई उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. त्यानंतर जो तह झाला त्यात एकच मुख्य कलम होतं. मारण्याचं काम माणसानंच करावं, आणि ते करताना त्याला लाज वाटत असलीच पाहिजे.

लाज मोजता येते का, असं शास्त्रज्ञांना विचारण्यात आलं. दुर्दैवानं ते हो म्हणाले.

माणूस भ्याला की पांढरा पडतो, कारण रक्त चेहरा सोडून हातापायांकडे धावतं. चिडला की लाल होतो, पण मान ताठ राहते. लाजेचं तंत्र निराळं. चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गालांवर रक्त चढतं, पण मान मात्र झुकते. नजर घसरते, आवाज अर्ध्या सुरानं उतरतो. लाळेत अशी काही द्रव्यं वाढतात, की जी एरवी अंगाला जखम झाल्यावर वाढावीत. लाजलेल्या माणसाच्या शरीराची समजूत असते, की आपल्याला कुठेतरी लागलं आहे. यातलं एकेक सोंग वठवता येतं, सगळी एकदम वठवता येत नाहीत. पैशाचं सोंग आणता येत नाही हे आपल्याकडे आधीच माहीत होतं, त्यात ही भर पडली. वैमानिकाच्या शिरस्त्राणात हे सगळं मोजणारी यंत्रणा बसवली. तिचा आकडा शंभरांपैकी साठावर गेला, की झडप उघडे. त्याखाली आला, की खाडकन बंद.

यंत्राला लाज अचूक मोजता येत होती. ती कशाची वाटतेय हे विचारायची सोय करायची मात्र राहून गेली.

तिथून पुढचं सगळं माणसांनी केलं. वैमानिकाला गोळी झाडण्याचीच लाज वाटायला हवी असं काही नव्हतं. कशाचीही चालत होती. म्हणून रेडा गस्तीला निघण्याआधी बंदराच्या धक्क्यावर वैमानिकाचा पाणउतारा करायची रीत पडली. पूर्वी लढाईला निघालेल्याला घरच्या बाईनं ओवाळायचं, आता तिनं त्याची चारचौघांत काढायची. वैमानिक यानाच्या शिडीवर शिरस्त्राण घालून उभा राही, आई, बायको किंवा बहीण खाली उभी राहून त्याचं वस्त्रहरण करी, आणि आकडा साठावर गेला की गर्दी टाळ्या वाजवी. नव्या भुसावळात करमणुकीची इतर साधनं फारशी नव्हती.

लीलाधरचा पाणउतारा त्याची थोरली बहीण वैजयंता करी. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवला होता, त्यामुळे तिच्याकडे माल भरपूर होता. ताईचा पाणउतारा ऐकायला लोक डबे घेऊन येत.

त्या दिवशीही आले होते.

“हा बघा तुमचा वाघ!” वैजयंताताईनं पदर खोचला. “मुलगी बघायला गेला. पोह्यांच्या तीन बश्या रिकाम्या केल्या आणि मुलीच्या बापाला काय म्हणाला?”

“मुलगी ठीक आहे, पण पोहे कुणी केलेत?” गर्दी एका सुरात म्हणाली.

“झुरळ दिसलं की हा कुठे असतो?”

“खुर्चीवर!”

“आणि तिथून कुणाला हाका मारतो?”

“ताईला!”

हशा पिकला. शिडीवरचा लीलाधरही हसला, आणि तिथेच घोटाळा झाला. शिरस्त्राणाच्या काचेवर आकडा एकेचाळिसावर येऊन बसला होता. तो हलेना. झुरळाला आता तो सरावला होता, पोह्यांना तर त्याहून. माणसाला कशाचीही सवय होते. लाजेची तर फार लवकर होते. वैमानिकांमध्ये या रोगाला ‘निर्ढावणं’ म्हणत. तो झाला, की वैद्यकीय मंडळ माणसाला निर्लज्ज ठरवून यानावरून कायमचं उतरवत असे. असे लोक पुढे बहुधा निवडणुकीला उभे राहत आणि निवडूनही येत. लीलाधरला निवडणुकीत रस नव्हता. त्याला रेडा चालवण्याखेरीज काहीच येत नव्हतं.

कानात तळप्रमुख सरोदेसाहेबांचा आवाज आला. “ढाके, एकेचाळीस म्हणजे काय? वाटमारे कड्याच्या अलीकडे आलेत. बर्फ भरलेली तीन यानं वाटेत आहेत. लाज जरा!”

“प्रयत्न करतोय, सर.”

“प्रयत्न नको, आकडा हवा. आज नाही जमलं तर उद्या मंडळासमोर.”

वैजयंताताईलाही ते कळलं. दोन दिवसांपासून तिचा घसा बसला होता, तरी ती सहावीच्या निकालापर्यंत मागे गेली. गर्दीनं तोही तिच्याआधीच म्हणून टाकला. आकडा चाळिसावर उतरला.

लीलाधरची नजर गर्दीवरून फिरली. मागे, केळीच्या गाडीशी, दामोदर फिरके उभा होता. स्थानकाच्या काचघरात केळीची बाग करणारा, पन्नाशीचा, विधुर, गाडीवर घड नीट मांडून ठेवणारा आणि बोलायची वेळ आली की तेच घड पुन्हा मांडणारा माणूस. आणि लीलाधरला एक गोष्ट आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा, बाजारात भरताचं वांगं दाबून बघून निवडावं तशी त्यानं ती निवडली. नेमकी कुठली गोष्ट बोलली म्हणजे आपली आपल्यालाच सर्वांत जास्त शरम वाटेल, याचा हिशेब त्यानं पुरा केला आणि मगच तोंड उघडलं.

“माझं राहू दे, ताई. तुझं सांगू का?” तो मोठ्यानं म्हणाला. “दर रविवारी केळी आणतेस. घरात केळी कोण खातं? काळी पडतात आणि टाकून देतेस. पावडर लावून जातेस त्या फिरकेकडे. तासतासभर घड निवडतेस. वय काय, करतेस काय? तो ढुंकून तरी बघतो का तुझ्याकडे?”

आकडा त्र्याण्णव झाला. रेड्याच्या कपाळावरची झडप धाडकन उघडली.

सवयीनं लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग पुढच्या रांगेतल्या थांबल्या, मग मागच्या. दामोदर फिरके गाडीवरचा एक घड उचलून पुन्हा तिथेच ठेवत होता. ही गोष्ट वैजयंतानं जगात एकाच माणसाला सांगितली होती. तीही भाकरी थापताना, पाठमोरी राहून.

तिनं खोचलेला पदर काढून नीट खांद्यावर घेतला.

“जा,” ती म्हणाली. “उशीर होतोय.”

*

त्या गस्तीत लीलाधरनं वाटमाऱ्यांची तीन यानं उडवली. रेड्याच्या इतिहासात असा नेम कुणी धरला नव्हता, कारण झडप एकदाही मिटली नव्हती. परत आल्यावर त्याला शाल आणि नारळ देण्यात आला. नारळ पृथ्वीवरून आलेला होता, म्हणून सत्कारानंतर तो परत घेण्यात आला.

“सर, एक विनंती होती,” सत्कार झाल्यावर तो सरोदेसाहेबांना म्हणाला. “मला घरी जाऊन ताईची माफी मागायचीय.”

सरोदेसाहेबांनी दार लावून घेतलं.

“ढाके, तुझ्यात सध्या किती आहे?”

“सत्याऐंशी. झोपेतही ऐंशीच्या खाली येत नाही.”

“बघ. आपल्याकडे नऊ रेडे आहेत. बाकीच्या आठांना साठ गाठताना फेस येतो. परवा एकाची सासू चालू पाणउताऱ्यात चक्कर येऊन पडली. तुझ्याकडे आपोआप सत्याऐंशी आहे. तू माफी मागितलीस, बाईनं माफ केलं, की हे सगळं गेलं. शास्त्र आहे ते. माफी मिळाली की लाज उतरते.” त्यांनी आवाज खाली आणला. “माफी मागायची नाही. हुकूम आहे. वैयक्तिक माफी ही सरकारी दारूगोळ्याची नासाडी समजली जाईल.”

लीलाधरला खरं तर चिडायला हवं होतं. पण त्याला बरं वाटलं. घरी जाऊन ताईच्या डोळ्यांत बघायचं, तेही हुकूम मोडून, म्हणजे फारच झालं. हुकूम आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. आपल्याला बरं वाटलं हे लक्षात आलं, तेव्हा शिरस्त्राण टेबलावर होतं, नाहीतर त्या क्षणाचा आकडा त्याला दिसला असता.

घरात भांडण झालं नाही. ताई त्याच्याशी बोलत होती, वाढत होती, कपडे घडी करून ठेवत होती. ती फक्त त्याला रागावेनाशी झाली. ओला टॉवेल पलंगावर पडला, तर उचलून वाळत घातला जाई, बोलणं काही येत नसे. त्यानं मुद्दाम दोनदा ताटात भाजी टाकली. ताईनं ताट उचललं आणि विसळलं. उभ्या आयुष्यात त्याला इतकं चांगलं कुणी वागवलं नव्हतं, आणि त्या घरात जेवायला बसलं की तो अर्ध्या ताटावरून उठे.

केळी येणं बंद झालं. दामोदर फिरके आता गाडीवर विक्रीसाठी एका बाईला उभं करी. काचघरात तो घड वेगळे करत बसलेला असे असं लोक सांगत.

आणि मग सर्वांत वाईट गोष्ट घडू लागली. आकडा उतरायला लागला.

सत्याऐंशीचे ऐंशी झाले, मग चौऱ्याहत्तर. लीलाधर गस्तीवर निघताना धक्क्यावरचा तो प्रसंग मनात आणी. ताईचा पदर, थांबलेल्या टाळ्या, गाडीवरचा घड. आता तो ते सारं एखाद्या औषधाच्या गोळीसारखं घेऊ लागला होता. एक दिवस त्यानं तो प्रसंग आठवता आठवता जांभई दिली. जांभई देताना आकडा तीननं चढला, कारण आपण काय केलं ते त्याला कळलं. पण तेवढंच. बहिणीला दुखावल्याची त्याला सवय होत होती. आणि ती सवय लागण्याआधी माफी मागावी, तर हुकूम होता.

एका सकाळी ताई म्हणाली, “मी टायटनला चाललेय. तिथल्या खानावळीत स्वैपाकाला बाई हवीय. ‘ताप्ती’चं तिकीट मिळालं. डाळीचे डबे वरच्या फळीवर आहेत. पीठ खाली.”

लीलाधरनं वर पाहिलं. शब्द अगदी जिभेवर आले होते. मग त्याला आठवलं, की कालचा आकडा सदुसष्ट होता. साठापेक्षा सातच जास्त.

“बरं,” तो म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. तिला अजून काही ऐकायचं होतं असं नाही, पण ऐकायला आलं असतं तर तिनं ऐकलं असतं. मग ती डबे पुसायला वळली.

*

‘ताप्ती’ हे उतारूंचं जुनं यान. टायटनपर्यंत त्याच्या सोबतीला एक रेडा द्यायचा रिवाज होता, आणि सरोदेसाहेबांनी लीलाधरलाच पाठवलं.

“बहीण समोरच्या यानात आहे म्हटल्यावर आकडा टिकेल,” ते म्हणाले. “बोलायचं मात्र नाही हं.”

कड्याची सावली ओलांडल्यावर वाटमारे आले. पाच हलकी यानं, बर्फाच्या धोंड्यांआडून एकदम. त्यांच्यापाशी रेड्याला ओरखडा काढील असं एकही हत्यार नव्हतं. त्यांच्यापाशी मधुभाऊ होता.

मधुभाऊ पूर्वी लग्नं, वाढदिवस आणि सत्कार समारंभ यांचं सूत्रसंचालन करायचा. वाटमाऱ्यांनी त्याला पळवून नेलं आणि त्यानं जाताना नाही म्हटलं नाही. रेड्याची झडप बंद कशी करायची हे या जगात फक्त त्याला कळलं होतं. लाज उतरवायची असेल, तर माणसाचा सत्कार करावा.

“आदरणीय, सन्माननीय, ज्यांच्या नावाच्या नुसत्या उच्चारानं आम्हा वाटमाऱ्यांच्या अंगावर काटा उभा राहतो,” रेडिओवर सायीसारखा आवाज पसरला, “असे शूरवीर लीलाधरभाऊ ढाके आज आपल्यात आहेत. हे आपलं भाग्य नव्हे तर काय, मित्रहो?”

पाचही यानांतून टाळ्या वाजल्या. आकडा सदुसष्टाचा चौसष्ट झाला.

“रेडिओ बंद कर, ढाके!” सरोदेसाहेब ओरडले.

“बंद केला तर ‘ताप्ती’शी संपर्क तुटेल, सर. तो तिच्याच लहरीवर बोलतोय.”

“लीलाधरभाऊंनी त्या दिवशी धक्क्यावर जे केलं,” मधुभाऊचा आवाज हळवा झाला, “त्यावर लोक टीका करतात. मी विचारतो, का म्हणून? कर्तव्यासाठी सख्ख्या बहिणीच्या मनाचा विचार न करणारा माणूस! हा त्याग आहे, मित्रहो. इतिहासात अशी उदाहरणं किती?”

लीलाधरला यातला शब्द न् शब्द खोटा आहे हे कळत होतं. आणि तरी आत कुठेतरी एक लहानसा लीलाधर मान वर करून म्हणत होता, तसं बघायला गेलं तर त्यातही थोडं तथ्य आहेच. साठ. एकोणसाठ. झडप खाडकन मिटली.

वाटमारे ‘ताप्ती’कडे वळले. त्यांची रीत सगळ्यांना ठाऊक होती. आधी यानाला भोक पाडायचं, मग आतलं सामान घ्यायचं. आतल्या माणसांचं काय करायचं यावर ते वेळ घालवत नसत. रेडा मध्ये आडवा झाला, पण ते पाच आणि हा एक, आणि वळायला सांगितलं की हा आधी विचार करणार. सत्तेचाळीस. लीलाधर जीव तोडून तो प्रसंग आठवू लागला. पदर, टाळ्या, घड. पदर, टाळ्या, घड. पाढ्यासारखा. पंचेचाळीस.

“‘ताप्ती’!” सरोदेसाहेबांनी थेट यानाच्या कप्तानाला गाठलं. “तुमच्यात वैजयंता ढाके आहेत. त्यांना बोलायला द्या. ताबडतोब!”

खरखर झाली. मग ताईचा श्वास ऐकू आला. ‘ताप्ती’च्या भोंग्यांवरून तो सगळ्या उतारूंना ऐकू जात होता, आणि पाचही वाटमाऱ्यांनाही.

“बाई,” सरोदेसाहेब म्हणाले, “काढा त्याची. राहिलेली सगळी काढा. ठेवणीतलं असेल ते काढा. माणसांचे जीव आहेत.”

मधुभाऊनंसुद्धा सत्कार थांबवला. वैजयंताताईचा पाणउतारा त्याला फक्त ऐकून माहीत होता.

“लीलू,” ताई म्हणाली.

“हं.”

“पाठ दुखतेय का रे अजून? त्या साहेबांना सांग, खुर्ची बदलून द्या म्हणावं. एवढं मोठं यान, आणि खुर्ची बघा.”

“बाई!” सरोदेसाहेब कळवळले.

“थांबा हो जरा, भावाशी बोलतेय मी.” मग ती लीलाधरला म्हणाली, “तू त्या दिवशी बोललास ना, ते मला तेव्हाच कळलं होतं. घाबरलेला होतास. लहानपणीही घाबरलास की हाताला येईल ते फेकायचास, मग ते माझं असो की कुणाचं. तुझं यान गेलं असतं तर तू काय केलं असतंस? दुसरं येतं काय तुला?” ती किंचित हसली. “आणि दामोदररावांचं म्हणशील, तर ते बघत नाहीत हे मला माहीत नव्हतं होय? बघतील म्हणून नव्हते जात मी. जायला बरं वाटायचं. रविवार रविवारसारखा वाटायचा. ते जाऊ दे. सकाळी काही खाऊन निघालास ना?”

लीलाधर सकाळपासून उपाशी होता. मान आपोआप खाली गेली, इतकी, की हनुवटी छातीला टेकली. चेहरा कानशिलांपर्यंत पेटला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या घेतल्या असत्या, त्याला त्यांची सवय होती. रागावली असती तर त्यानं मनात म्हटलं असतं, झाली फिटंफाट. पण तिनं त्याच्यासाठी काही फेडायचं ठेवलंच नव्हतं. त्यानं मागायच्या आधी, न मागता, तिनं सगळं देऊन टाकलं होतं. तेही सगळ्यांसमोर. आणि तो मात्र सात आकडे वाचवण्यासाठी ‘बरं’ म्हणाला होता.

माफी मिळाली की लाज उतरते, हे शास्त्र तिथे मोडलं. आकडा सत्तर, ऐंशी, नव्वद असा चढला नाही. तो सरळ शंभरावर जाऊन आदळला आणि तिथेच लुकलुकत राहिला, कारण यंत्राला पुढचं मोजता येत नव्हतं. रेड्याच्या कपाळावरची झडप बिजागरांसकट थरथरत पूर्ण उघडली. इतकी उघडी ती आजवर कुणी पाहिली नव्हती. चारही नळ्या वाटमाऱ्यांवर रोखल्या गेल्या.

लीलाधरचं बोट कळीवर गेलं. पुढचं यान इतकं जवळ होतं, की खिडकीतला माणूस दिसत होता. टोपी घातलेला, मधल्या वयाचा. यालाही घरी कुणीतरी विचारत असेल, सकाळी काही खाल्लंस का. त्याला पहिल्यांदाच बहिणीची नाही, बोटाची लाज वाटली. तहात जे लिहिलं होतं ते, तह झाल्यापासून प्रथमच, कुणाला तरी झालं होतं.

त्यानं नळ्या तसूभर डावीकडे घेतल्या आणि शेजारच्या बर्फाच्या टेकडीवर गोळा सोडला. टेकडी होती तिथे चकाकणारं धुकं पसरलं.

“तर मंडळी,” मधुभाऊ घाईघाईनं म्हणाला, “वेळेअभावी आपण आजचा हा कार्यक्रम इथेच...” आणि पाचही यानं धोंड्यांआड पसार झाली.

‘ताप्ती’तून आरडाओरडा, टाळ्या, कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. सरोदेसाहेब काहीतरी शौर्यपदकाबद्दल बोलत होते.

“सर,” लीलाधर म्हणाला, “झडप मिटत नाहीये.”

“मिटेल. आकडा?”

“शंभर.”

“अजून?”

“अजून.”

ही अडचण यापूर्वी कुणालाच आली नव्हती. उघड्या गोफणीचं यान बंदरात घ्यायला मनाई होती. घुसलं आणि चुकून गोळा सुटला, तर नवं भुसावळ जुनं व्हायलाही उरलं नसतं. सरोदेसाहेबांनी तोडगा काढला. लीलाधरच्या मागच्या सत्काराचं भाषण त्याला ऐकवण्यात आलं, पुन्हा पुन्हा. तळावरच्या माणसांनी आळीपाळीनं येऊन त्याची स्तुती केली. एकानं तर त्याला चांगला भाऊ म्हटलं. त्यावर यंत्रानं धोक्याची घंटा वाजवली, तेव्हा तो प्रयोग थांबवला.

“बाहेरच थांब,” शेवटी सरोदेसाहेब म्हणाले. “ओसरेपर्यंत. आठवडा लागो, महिना लागो.”

दूरवर ‘ताप्ती’चे दिवे टायटनच्या दिशेनं लहान होत चालले होते.

लीलाधरनं सुकाणू फिरवलं. रेड्यानं नेहमीप्रमाणे आधी विचार केला, आणि मग वळला.

“ढाके! बंदर इकडे आहे. तू कुठे चाललास?”

“माफी मागायला, सर.”

“माफी मागायची नाही! हुकूम आहे! शंभराचा वैमानिक आहेस तू, अरे, सबंध ताफ्यात...”

लीलाधरनं त्यांचा आवाज बंद केला. मग ‘ताप्ती’ला साद घातली.

“ताई, थांब.”

“यान आहे रे ते. बैलगाडी आहे का, थांबायला?”

“मग मी येतो. चारचौघांत बोललो होतो ना, आता चारचौघांतच सांगायचंय काहीतरी.”

“इथे अख्खं यान ऐकतंय हं, लीलू.”

“ऐकू दे.”

पलीकडे कुजबुज झाली. कुणीतरी ताईला काहीतरी सांगत होतं. मग ती म्हणाली, “बरं, ये. पण आधी ती तोफ झाक बाई. मागून असा उघड्या तोंडानं येतोयस, इथली माणसं भ्यायलीत.”

लीलाधरची मान अजून वर झालेली नव्हती.

“झाकली जात नाही गं,” तो म्हणाला. “तेच तर सांगायला येतोय.”